पाठ केलेलं उरतं

पाठांतर म्हणजे पोपटपंची, असं आपण सहज म्हणून जातो. पंडिता रमाबाईंचं आयुष्य पाहिलं, की हे म्हणणं अर्धंच खरं वाटतं. आई लक्ष्मीबाईंनी लहानपणीच त्यांच्याकडून भागवत पाठ करून घेतलं. पुढे दुष्काळ आला. आईवडील गेले. बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ पायी हिंडत राहिले. जवळचं सगळं संपलं… पाठ केलेलं मात्र उरलं. त्याच बळावर १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ म्हटलं.

कुणी विचारेल, पुढे त्यांनी धर्मच बदलला, त्या ख्रिस्ती झाल्या. मग त्या पाठांतराचा उपयोग काय? प्रश्न रास्त आहे. नुसत्या पाठांतरानं श्रद्धा टिकत नाही, हे खरंच. पण ग्रंथाला आयुष्य वाहायची सवय उरली, आणि ती कामाला आली. १८९६च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. उपाशी मुलींना त्यांनी केडगावला आणलं. देवाचा आदर म्हणजे आधी पोटाला अन्न, मग हाताला काम! पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबल साध्या मराठीत आणलं. खेड्यातल्या बाईला नुसतं ऐकून कळावं, एवढं साधं. छापखान्यात त्याचे खिळे जुळवायला केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या बायकाच बसल्या.