डब्याची मागची बाजू

या मालिकेत माझ्या आधी बोललेले लोक डॉक्टर होते, प्राध्यापक होते. मी यातला कुणीच नाही. बी.एस्सी. झालो आणि फौजेत गेलो. आर्मी सर्व्हिस कोअरमधून कर्नल म्हणून निवृत्त झालो आणि आता बंगळुरूत राहतो. चेहऱ्याच्या क्रीमवर बोलणार म्हटल्यावर कोर्समेट्सनी भरपूर खेचली. एकाने विचारलं, "तू आणि फेस क्रीम? तुला तर दाढीचा साबणही कँटीनवाला निवडून देतो."

पण आमच्या कोअरचं काम काय असतं ते सांगतो. जवानाच्या ताटात जे पडतं ते आधी आमच्या हातातून जातं. ठेकेदाराचा ट्रक आला की आम्ही पोत्यावर छापलेलं नाव बघत नाही. पोतं उसवून मूठभर डाळ बाहेर काढतो. ओलावा किती, खडे किती, किडलेले दाणे किती, ते करारात लिहिलेल्या आकड्यांशी ताडून बघतो. जुळलं नाही तर ट्रक परत. ठेकेदार चहा पाजतो, गोड बोलतो, पण ट्रक परत. असे ट्रक मी किती परत पाठवले, त्याचा हिशेब नाही.

आणि माझ्याच घरात, माझ्या दाढीच्या आरशाशेजारी, सहा महिने एक ट्यूब पडून होती. ती मी एकदाही उलटून बघितली नाही.

ती गोष्ट आधी सांगतो. सौ.च्या परवानगीनेच सांगतोय. तिच्या गालांवर वांग आले होते, बायकांना चाळिशी-पन्नाशीत येतात तसे. बेळगावला भाच्याचं लग्न होतं. कुणीतरी मैत्रिणीने एका ट्यूबचं नाव सांगितलं. हिने औषधाच्या दुकानात मागितली, दुकानदाराने दिली. चिठ्ठी मागितली नाही, काही विचारलं नाही. तीन आठवड्यांत डाग फिके पडले. लग्नात जो तो विचारतोय, "काय लावतेस गं?" हिने तिथल्या तिथे चौघींना ट्यूबचं नाव सांगितलं.

लग्न झालं तरी ट्यूब चालूच राहिली. मग एकदा संपली, आठवडाभर आणायची राहिली, आणि चेहरा पेटला. लाल, आग होतेय, उन्हात उभं राहवत नाही. गालांवर बारीक लाल शिरा दिसायला लागल्या, लव वाढली. पुन्हा लावली की शांत, थांबवली की पुन्हा आग. त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी एकच सांगितलं, ट्यूब घेऊन या. नेली. त्यांनी ती हिच्या नाही, माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "साहेब, जरा मोठ्यांदा वाचा."

वाचलं. मोमेटासोन, म्हणजे स्टिरॉइड. हायड्रोक्विनोन. ट्रेटिनॉइन. बाजूला लाल रेघ आणि त्याखाली स्पष्ट छापलेलं, नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये.

मंडळी, ट्यूब खोटं बोलली नव्हती. सगळं लिहिलेलं होतं. दुकानदाराने वाचलं नाही, हिने वाचलं नाही, आणि डाळीतले खडे मोजण्यात जन्म घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाने वाचलं नाही. बाईंनी समजावलं, की हे तीन घटक काही विष नाहीत. वांगावर डॉक्टर हेच मिश्रण काही आठवड्यांसाठी देतात, लक्ष ठेवून देतात. पण चेहऱ्याचं रोजचं क्रीम म्हणून महिनोन्‌महिने लावलं, तर स्टिरॉइड कातडी पातळ करतं आणि चेहऱ्याला त्याची सवय लागते. लोकांनी इतका वापर केला, की २०१८ मध्ये सरकारला चेहऱ्याला लावायची अशी अनेक स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय न विकायच्या यादीत टाकावी लागली. हिचा चेहरा निवायला वर्ष लागलं. त्या चौघींना मी स्वतः फोन केले. एकीने तोवर ती ट्यूब सोळा वर्षांच्या मुलीलाही सुरू केली होती.

तेव्हापासून मी घरातली प्रत्येक बाटली उलटी करून वाचतो. भिंग घेऊन. वाचून वाचून जे कळलं तेवढंच सांगतो.

समजा झाकणावर केशराच्या काड्यांचं सुंदर चित्र आहे. ही झाली पुढची बाजू, म्हणजे ठेकेदाराचा चहा. आता डबा फिरवा. घटकांची यादी मनाला येईल तशी छापायची नसते. आपल्या कॉस्मेटिक्स रूल्स २०२० प्रमाणे एक टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहायचे, सगळ्यात जास्त ते सगळ्यात आधी. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले मग त्यापुढे कुठल्याही क्रमाने. म्हणून पहिला शब्द बहुतेक वेळा ॲक्वा असतो, म्हणजे चक्क पाणी. मग ग्लिसरीन, तेलं, मेणं. हा डब्यातला खरा माल, आणि तो वाईट नाही. कोरडी त्वचा मऊ ठेवायचं काम तोच करतो.

आता फिनॉक्सिइथॅनॉल नावाचा शब्द शोधा. बऱ्याच क्रीमांत असतो. माल खराब होऊ नये म्हणून घालतात आणि त्याची कमाल मर्यादा एक टक्का आहे. म्हणजे यादीत त्याच्यानंतर जे जे आलं, ते एक टक्का किंवा त्याच्या आत. मी यादीत तिथे पेन्सिलने रेघ मारतो. केशराचं तिथलं नाव क्रोकस सॅटायव्हस, चंदनाचं सँटॅलम अल्बम, कोरफडीचं अलो बार्बाडेन्सिस. झाकणावर मिरवणारं केशर पुष्कळदा या रेघेच्या खाली सापडतं.

खाली आहे म्हणजे फसवणूकच, असंही नाही. रेटिनॉल एक टक्क्याच्या आत असूनही काम करतं. पण नियासिनामाइडवरचे अभ्यास साधारण दोन ते पाच टक्क्यांचे आहेत. त्याची जाहिरात मोठ्या अक्षरांत आणि जागा रेघेच्या खाली, असं दिसलं तर दुकानदाराला डबा परत द्यावा. 'परफ्यूम' या एका शब्दामागे कितीतरी वेगवेगळे पदार्थ असू शकतात, तेव्हा ज्यांची त्वचा चिडते त्यांनी तो शब्द आधी शोधावा. आणि 'डर्मॅटॉलॉजिकली टेस्टेड' हे तर मला फार आवडतं. पोरगा परीक्षेला बसला एवढं कळतं, पास झाला का ते कळत नाही.

बंगळुरूत राहून साबणाबद्दल बोललो नाही तर शेजारी रागावतील. इथे मेट्रोच्या हिरव्या मार्गावर 'सँडल सोप फॅक्टरी' नावाचं स्टेशनच आहे. पहिल्या महायुद्धात म्हैसूर संस्थानचं चंदन परदेशी जायचं थांबलं. तेव्हा महाराज चौथे कृष्णराज वोडेयर आणि दिवाण विश्वेश्वरय्या यांच्या काळात, १९१६ मध्ये, इथेच तेल काढायला सुरुवात झाली आणि त्यातून म्हैसूर सँडल सोप आला. वेष्टनावर चंदन लिहायचं आणि आत चंदनाचं तेल घालायचं, ही त्याची जुनी ओळख.

साबणाच्या वेष्टनावर टीएफएम नावाचा आकडा शोधा, म्हणजे एकूण स्निग्धांश. भारतीय मानकाप्रमाणे ७६ टक्के किंवा जास्त असला तर टॉयलेट सोप ग्रेड १, ७० पासून ग्रेड २, ६० पासून ग्रेड ३. 'बाथिंग बार' लिहिलेली वडी या वर्गात बसतच नाही, तिला वेगळं मानक आहे. मी बरीच वर्षं या आकड्यावरून साबणांना पदकं वाटत होतो. मग डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की कुठलाही खरा साबण अल्कधर्मी असतो आणि आपली त्वचा किंचित आम्लधर्मी. उलट काही बाथिंग बार सौम्य डिटर्जंटचे बनवलेले असतात आणि कोरड्या त्वचेला तेच सोसतात. पोत्यातली डाळ चांगली, पण खाणाऱ्याचं पोट कसं आहे तेही बघावं लागतं. असो.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. हे सगळं वाचन चालतं ते यादी खरी असेल तर.

२०२२ मधली अकोल्याची घटना आहे. एका घरातल्या तिघी, आई आणि दोन मुली, गोरं करणारं एक क्रीम लावत होत्या. तिघींच्याही मूत्रपिंडांना इजा झाली. क्रीमची तपासणी मुंबईच्या केईएम रुग्णालयात झाली तेव्हा त्यात पारा सापडला. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनीही हेच पाहिलं. मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे १५ रुग्ण होते, त्यातले १३ जण असली क्रीमं लावत होते. मग २०२३ मध्ये केरळच्या औषध नियंत्रण विभागाने दुकानांवर छापे घातले. मोहिमेचं नाव 'ऑपरेशन सौंदर्य'. नाव ठेवणाऱ्याला माझा सलाम.

पारा त्वचेत रंग तयार होऊ देत नाही, म्हणून माणूस झपाट्याने उजळ दिसतो. पण तो त्वचेतून रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडाची गाळणी बिघडवतो. लघवीला फेस येतो, पायांवर सूज येते. आपल्या नियमात, डोळ्यांची प्रसाधनं सोडली तर, नकळत राहिलेला पारासुद्धा दहा लाखात एक भागापेक्षा जास्त चालत नाही. पण पारा घालणारा तो यादीत थोडाच छापणार आहे?

म्हणून यादीच्या आधी मी डब्यावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत शोधतो. परदेशी माल असेल तर इथे आणणाऱ्याचं नाव. यातलं काही नसेल तर पुढचं वाचायचं कारण नाही.

गेल्या महिन्यात आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाई एक डबी घेऊन आल्या. हुबळीकडच्या आहेत, मराठी छान बोलतात. "साहेब, तुम्ही सगळं वाचता ना, हे वाचून सांगा." सोनेरी झाकण, अनोळखी लिपी, आणि मागे काहीच नाही. कोरी. त्यांची मुलगी दोन महिने लावत होती, लग्न ठरलंय तिचं. मी म्हटलं, आजपासून बंद.

"पण साहेब, गुण येतोय."

"किती दिवसांत आला?"

"आठ दिवसांत."

"म्हणूनच बंद."

सौ.ने मुलीला समोर बसवून स्वतःचे जुने फोटो दाखवले, पेटलेल्या चेहऱ्याचे. मग लघवीची तपासणी करून घेतली. प्रथिनं नव्हती. डॉक्टर म्हणाले, दोन महिन्यांनी पुन्हा करा. डबी मी प्लास्टिकमध्ये बांधून ठेवली आहे, तपासायला देणार आहे. मुलगी मात्र माझ्याशी अजून बोलत नाही.

पुढच्या भागात तुमचे प्रश्न घेईन. घरातल्या डब्यांचे, ट्यूबांचे फोटो पाठवा, अक्षरं वाचता येतील असे. पण फक्त मागच्या बाजूचे. पुढची बाजू मी रोज टीव्हीवर बघतोच.

जय हिंद.