नेमबाजांचे नाणे

वऱ्हाडात, वाशीमसारख्या गावी, लक्ष्मीपूजनाच्या ताटात राणीछाप रुपया मांडतात. तो पाडला गेला बाजारासाठी. देवघरात नेला तो गृहिणींनी. स्वित्झर्लंडातील एका रौप्य नाण्याचा जन्मच मुळी उत्सवासाठी झाला.

त्या देशात शेतकरी व कारागीर हेच सैनिक. म्हणून नेमबाजी हे तेथे नागरिकाचे कर्तव्य मानले गेले. १८२४ साली आराऊ येथे नेमबाजांचा पहिला देशव्यापी उत्सव भरला. १८४२ साली कूर येथील उत्सवासाठी चार फ्रँकांचे नाणे निघाले. पुढे १८५५ ते १८८५ या काळात अशा उत्सवांसाठी पाच फ्रँकांची नाणी पाडली गेली. वजन २५ ग्रॅम, म्हणजे आपल्या जुन्या रुपयाच्या दुपटीहून अधिक.

त्यांतील १८६१ चे श्टान्सचे नाणे विशेष पाहण्याजोगे. त्यावर विंकेलरीडचा मृत्यू कोरला आहे. १३८६ च्या झेंपाखच्या लढाईत शत्रूचे भाले आपल्या छातीवर घेऊन त्याने सोबत्यांना वाट करून दिली, असे परंपरा सांगते. पावनखिंडीची कथा ऐकलेल्यास अधिक सांगावयास नको.

१९३४ च्या फ्रिबूर्गच्या नाण्याला मात्र वटविण्याची मुदत घातली गेली. असल्या मुदतबंद वस्तूस नाणे म्हणावे की पदक, हा प्रश्नच आहे. भारतात १९६९ साली गांधीजन्मशताब्दीनिमित्त दहा रुपयांचे नाणे निघाले. १५ ग्रॅमचे, शेकडा ८० भाग चांदीचे. त्याला मुदत नव्हती. तरीही पुष्कळांनी ते खर्चले नाही, राणीछाप रुपयाशेजारी ट्रंकेत ठेवून दिले.