चिमण्यांशी तह



अडचणीच्या दिवसांत माणसाला सगळ्यात जास्त राग कुणाचा येत असेल, तर 'आनंदात राहा' म्हणणाऱ्याचा. घरात दुखणं आहे, हातची नोकरी गेली आहे, पावसानं ऐन पोटरीच्या वेळी दगा दिला आहे, आणि आलेला पाहुणा चहाचा कप खाली ठेवता ठेवता म्हणतो, "मन प्रसन्न ठेवा हो, सगळं ठीक होतं." त्याच्या मनात वाईट काही नसतं. पण मन प्रसन्न ठेवायचं म्हणजे सकाळी उठून नेमकं काय करायचं, ते न सांगताच तो चपला घालतो. म्हणून आज उपदेश नको. एका जागेची हकिकत सांगतो. जागा आपल्या ओळखीची आहे, नगरचा भुईकोट किल्ला. आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं आहे, हकिकत अहमदनगर म्हणत त्या काळातली आहे.

८ ऑगस्ट १९४२च्या रात्री मुंबईत गवालिया टँकच्या मैदानावर 'छोडो भारत'चा ठराव झाला. उजाडायच्या आत काँग्रेसच्या पुढाऱ्यांना घराघरांतून उठवून एका खास गाडीत बसवलं. गांधीजींना वाटेतच उतरवून पुण्याला आगाखान पॅलेसमध्ये नेलं, आणि कार्यकारिणीच्या मंडळींना नगरच्या किल्ल्यात आणलं. जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, मौलाना अबुल कलाम आझाद, आचार्य कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव. सगळे मिळून बारा जण झाले. खटला नाही, शिक्षा नाही, त्यामुळे सुटायची तारीखही नाही. सुरुवातीचे काही आठवडे वर्तमानपत्र नाही, घरचं पत्र नाही. बाहेर गोळीबार चालले होते, तुरुंग भरत होते. पुढच्याच वर्षी बंगालात दुष्काळानं लाखो माणसं मेली. हे सगळं त्या चार भिंतींच्या आत बसून ऐकायचं. अशी जवळजवळ पावणेतीन वर्षं.

मौलाना आझाद तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते. किल्ल्यात त्यांनी आपल्या एका विद्वान मित्राला उर्दूत पत्रं लिहिली. ती टाकायची सोय नव्हती, म्हणून लिहून ठेवून दिली. सुटकेनंतर १९४६ साली 'ग़ुबार-ए-ख़ातिर' या नावानं त्यांचं पुस्तक झालं. देशाच्या सर्वांत मोठ्या पक्षाचा अध्यक्ष तुरुंगातून लिहितो म्हटल्यावर आपण राजकारणाची अपेक्षा धरतो. पुस्तकात पानंच्या पानं निघतात ती चहाची.

आझादांना पहाटे तीन-चारला उठायची जुनी सवय. किल्ला झोपलेला असायचा. ते स्वतः चहा करायचे. चहा चिनी, जास्मिनचा, आणि त्यात दूध अजिबात नाही. चहात दूध घालणाऱ्यांबद्दल त्यांनी जे लिहिलं आहे, ते वाचून आपल्याकडचे अमृततुल्यवाले त्यांच्यावर खटला भरतील. साखर कशी असावी, किती शुभ्र असावी, यावरही त्यांचं ठाम मत होतं. कुणाला वाटेल, देश पेटला आहे आणि या गृहस्थांना साखरेची पडली आहे! पण विचार करा. कैद्यानं कुठं राहायचं, कुणाला भेटायचं, काय लिहायचं, हे सगळं दुसरे ठरवतात. पहाटेचा तो एक तास आणि तो एक पेला, एवढाच दिवसाचा तुकडा आझादांच्या स्वतःच्या हुकमतीत होता. तिथं ते जराही तडजोड करायला तयार नव्हते.

चहा ही हौस झाली. मला जास्त मोलाची वाटते ती चिमण्यांची गोष्ट.

इमारत जुनी, छत जुनं. चिमण्यांनी आझादांच्या खोलीतच घरटी बांधायला काढली. दिवसभर वरून काड्या, कचरा, धूळ. बिछान्यावर कचरा, कागदांवर कचरा. हे पंडित चिडले. काठी घेऊन त्यांनी चिमण्यांवर स्वारीच केली, आणि या मोहिमेचं वर्णन असं केलं आहे की, पानिपताची बखर वाचावी! चिमण्या पळाल्या. आझाद विजयी होऊन बसले. थोड्या वेळानं वर पाहतात तो चिमण्या परत हजर. पुन्हा स्वारी, पुन्हा माघार, पुन्हा चिवचिव. शेवटी अध्यक्षांनी शहाणपणानं तह केला. दाणे टाकायला सुरुवात केली. आधी लांब, मग थोडे जवळ, मग आणखी जवळ. स्वतः दगडासारखं निश्चल बसायचं. हळूहळू चिमण्यांची भीड गेली आणि त्या त्यांच्या अगदी जवळ येऊन दाणे टिपू लागल्या. मग त्यांना नावं पडली. एक मोती, एक मुल्ला, एक कलंदर, ज्याच्या-त्याच्या स्वभावाप्रमाणे. त्यांचं एक पिल्लू उडायला घाबरत होतं, ते एका क्षणी कसं झेपावलं, तेही त्यांनी रंगून लिहिलं आहे.

आता यात बघण्यासारखं काय आहे? चिमण्या आझादांकडे आनंद घेऊन आल्या नव्हत्या. त्या उपद्रव म्हणून आल्या. सकाळपासून संध्याकाळपर्यंत डोक्याला ताप, असंच त्यांचं पहिलं रूप. तो ताप जाईना, तेव्हा आझादांनी त्यात लक्ष घातलं, आणि लक्ष घातल्यावर त्याची करमणूक झाली. हातात कामच नसलेल्या माणसाला एक रोजचं काम मिळालं.

नेहरूंचंही तसंच. इमारतीच्या आवारात त्यांनी बाग करायला घेतली. जमीन कशी? दगड, विटांचे तुकडे, जुन्या बांधकामांचा राडारोडा. ऐन उन्हात तासन्‌तास खणत बसायचे. तो राडारोडा उपसता उपसता जुन्या भिंतींचे अवशेष लागले, एकदा भिंतीवर कोरलेलं सुरेख कमळ लागलं. चांदबिबीचा किल्ला तो! याच तटावरून तिनं मोगलांचा वेढा परतवला होता. नेहरूंना आणखी खोल खणायचा मोह झाला, पण तुरुंगात उत्खनन करायला परवानगी कोण देणार? पुढं १९४४च्या एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत त्यांनी तिथंच 'भारताचा शोध' लिहिला. त्या पुस्तकाच्या अगदी सुरुवातीलाच ही फावड्याची हकिकत आहे. बाग करायला निघालेल्या माणसाला दगड नको होते. त्याला गुंगवलं ते दगडांनीच.

आणि तुरुंगाधिकाऱ्याचं काय? त्यालाही आझादांनी सोडलं नाही. चांदबिबीच्या काळात किल्ल्यावर चीता खान नावाचा एक हबशी किल्लेदार होता. आझादांनी ते नाव या गोऱ्या साहेबाला देऊन टाकलं. बघता बघता सगळे त्याला चीता खान म्हणू लागले. ज्याच्या कमरेला किल्ल्या, त्यालाच टोपणनाव! यानं कुलूप उघडत नाही, हे खरं. पण रोज दारात उभा राहणारा माणूस जरा बुटका होतो.

ही युक्ती फक्त विद्वानांना सुचते असं नाही. ७२च्या दुष्काळात खडी फोडायला, नालाबंडिंगला, पाझर तलावाच्या कामाला गेलेल्या बाया अजून आपल्या गावोगाव आहेत. त्यांना विचारा. पोटाला मिलो ज्वारी, चवीला बेचव, भाकरी थापायला गेलं तर तुटणार. पोरांना सुकडी. डोक्यावर ऊन, हाताला फोड. आणि मुकादमाला काय काय नावं ठेवली होती ते सांगताना आज या म्हाताऱ्यांना हसू आवरत नाही. कोण मुकादमासारखं चालून दाखवायची, कोण मस्टरवर अंगठा घेताना तो कसा गुरकावायचा त्याची नक्कल करायची. खडीच्या ढिगाआड दुपारच्या भाकरीला हेच तोंडीलावणं. आणि ऐकून ठेवा, आठवड्याचा पगार थकला की याच बाया काम बंद करून तहसीलवर जायच्या. हसणारा माणूस मुकाट्यानं सोसतो, असा एक समज आहे. तो कुणी पसरवला असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. किल्ल्यातले कैदी मोठे होते. त्यांना पुस्तकं होती, खोल्या होत्या, चिनी चहा मिळू शकत होता. याच जिल्ह्यात विसापूरच्या तुरुंगात तीसच्या चळवळीतल्या साध्या सत्याग्रहींनी जे भोगलं, त्याच्यापुढं हे काहीच नव्हे. ज्याच्या पोटात अन्न नाही त्याला चिमण्या बघ म्हणणं हा निर्लज्जपणा आहे. आधी अन्न, मग बाकीचं.

आणि आझादांची हकिकत इथंच थांबवली तर ती खोटी होईल. चिमण्यांची पत्रं मार्च १९४३ची. त्या वेळी कलकत्त्याला त्यांच्या पत्नी, झुलेखा बेगम, अंथरुणाला खिळल्या होत्या. दुखणं विकोपाला गेल्याचं कळलं, तेव्हा सरकारकडे काही मागणं मांडायचं आहे का, असं तुरुंगाधिकाऱ्यानं येऊन विचारलं. आझाद म्हणाले, काही नाही. नेहरू याच विषयावर बोलायला आले, त्यांनाही तेच उत्तर. ज्या सरकारशी लढाई, त्याच्याकडे सवलत मागायची नाही. ९ एप्रिलला झुलेखा बेगम गेल्या. भेट झाली नाही. त्या दिवसांबद्दल आझादांनी प्रांजळपणे लिहिलं आहे: वरून मी शांत होतो, रोजचा क्रम मोडू दिला नाही, पण आत काय चाललं होतं ते मलाच ठाऊक, आणि त्या शांतपणात थोडा देखावाही होता. आवारात कुणा अज्ञाताची एक जुनी कबर होती. आतापर्यंत शेकडो वेळा पाहिलेल्या त्या कबरीचा त्यांना एकाएकी लळा लागल्यासारखं झालं.

या दुःखावर त्यांनी चिमण्यांचा उतारा शोधला नाही. चहाचाही नाही. मला या माणसाचा मोठेपणा यात दिसतो. छोट्या त्रासांशी ते खेळले, त्यांच्याशी तह केले, त्यांना नावं दिली. मोठ्या दुःखाला त्यांनी हात लावला नाही, ते जिथं होतं तिथं राहू दिलं. आपण नेमकं उलटं करतो. मोठं दुःख हलवायला जातो, ते हलत नाही, आणि त्या झटापटीत छताची चिमणी, अंगणातला दगड, पहाटेचा चहा यांच्याकडे बघायचं राहून जातं.

त्याच पत्रांमध्ये आझादांनी आणखी एक मुद्दा मांडला आहे, तो आपल्याला लागू पडतो. तोंड आंबट करून बसणं हे विद्वत्तेचं आणि धार्मिकतेचं लक्षण मानलं जातं, अशी त्यांची तक्रार होती. एका फ्रेंच लेखकाचा हवाला देऊन ते म्हणतात की, खूश राहणं ही नैतिक जबाबदारी आहे, कारण आपल्या उदासीची लागण शेजारच्याला होते. बारा माणसं एकाच आवारात वर्षानुवर्षं राहायची असतील तर हे किती व्यवहारी बोलणं आहे! दोन खोल्यांच्या घरात सहा माणसं राहतात, तिथंही ते तितकंच व्यवहारी आहे.

तेव्हा, श्रोतेहो, सध्या ज्यांचे दिवस कठीण आहेत त्यांना माझं एकच सांगणं. आनंदी व्हायचा प्रयत्न आज करू नका. सकाळपासून तुम्हाला सगळ्यात क्षुल्लक त्रास कोण देतं आहे, एवढंच बघा. कुंडी उकरणारी मांजर असेल, वरच्या मजल्यावरचा तबला शिकणारा मुलगा असेल, दवाखान्याच्या दारावरचा गुरकावणारा वॉचमन असेल. त्याला मनातल्या मनात एक नाव द्या आणि चार दिवस त्याच्याकडे नीट लक्ष द्या. आणि कधी नगरला आलात तर किल्ल्यातल्या त्या नेत्यांच्या खोल्या पाहून जा. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे; येताना ओळखपत्र तेवढं खिशात ठेवा.