यकृताची शस्त्रक्रिया आणि ज्ञानाची वाटणी

मनुष्याच्या पोटांत उजव्या बाजूस, बरगड्यांच्या आड, सुमारें दीड किलो वजनाचें यकृत असतें. पित्त तयार करणें, अन्नरसाचें रूपांतर करणें, रक्त गोठविणारीं द्रव्यें निर्माण करणें, अशीं अनेक कामें तें अहोरात्र करीत असतें. दर मिनिटाला सुमारें दीड लिटर रक्त त्यांतून वाहतें. म्हणूनच पूर्वींचे शल्यवैद्य यकृताला सुरी लावण्यास कचरत असत. ही भीति कशी ओसरली, हा वैद्यकाच्या इतिहासांतील बोधप्रद भाग आहे. आणि त्या बोधाचा हिंगोलीसारख्या जिल्ह्याशीं निकटचा संबंध आहे.

१९०८ सालीं ग्लासगोचे शल्यवैद्य जेम्स प्रिंगल यांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. यकृताकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्या कांहीं वेळ चिमटींत दाबून धरल्या, तर रक्तस्राव आवरतो, हें त्यांचें प्रतिपादन होतें. त्या निबंधांतील ज्या रोग्यांवर शस्त्रक्रिया झाली, त्यांपैकीं एकहि वाचला नव्हता. तरीहि प्रिंगल यांनीं सर्व हकीकत जशीच्या तशी छापली. आज जगभर यकृताच्या शस्त्रक्रियेंत ती युक्ति वापरली जाते आणि प्रिंगल यांच्याच नांवानें ओळखली जाते. पुढें १९५७ सालीं फ्रान्समधील क्लोद क्विनो यांनीं यकृताचे आठ खंड दाखवून दिले. प्रत्येक खंडाला रक्ताचा पुरवठा स्वतंत्र. त्यामुळें दूषित भाग काढून उरलेला राखतां येऊं लागला. निरोगी यकृताचा मोठा भाग काढला तरी उरलेलें पुन्हां वाढतें, हा त्याचा गुण येथें उपयोगी पडला.

१९६३ सालीं अमेरिकेंतील डेन्व्हर येथें थॉमस स्टार्झल यांनीं मानवी यकृताच्या प्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्न केला. तें मूल शस्त्रक्रिया चालू असतांनाच दगावलें. त्यानंतरचे रोगीहि फार दिवस जगले नाहींत. स्टार्झल यांनीं ते अनुभव त्याच वर्षीं प्रसिद्ध केले. १९६७ सालीं शस्त्रक्रिया झालेली एक बालिका वर्षाहून अधिक काळ जगली. अपयश लपविलें गेलें असतें, तर प्रत्येक शल्यवैद्याला तीच चूक नव्या रोग्याच्या जिवावर शिकावी लागली असती.

परंतु छापलेलें ज्ञान सर्वांच्या हातीं पडतेंच असें नाहीं. वैद्यकीय नियतकालिकांच्या वर्गण्या भारी, आणि त्यांचे अंक मोठ्या शहरांतील ग्रंथालयांत. हिंगोली हा जिल्हा १ मे १९९९ रोजीं परभणींतून वेगळा झाला. तेथील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचें उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२४ रोजीं झालें. त्याच वर्षीं २५ नोव्हेंबरला भारत सरकारनें ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ ही योजना मंजूर केली. ३० प्रकाशकांचीं जवळजवळ १३,००० नियतकालिकें सरकारी उच्च शिक्षणसंस्थांना इंटरनेटवर खुलीं करण्यासाठीं तीन वर्षांकरितां ६,००० कोटि रुपयांची तरतूद झाली.

ही सोय मोठी खरी. पण कळमनुरी किंवा सेनगांव येथें खासगी व्यवसाय करणारा डॉक्टर तिच्या कक्षेबाहेर राहतो. त्याच्यासाठीं सर्वांना विनामूल्य वाचतां येणारीं नियतकालिकें हाच आधार. मुंबईच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाच्या व के. ई. एम. रुग्णालयाच्या अध्यापकांनीं १९५५ सालीं सुरू केलेलें ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ इंटरनेटवर कोणालाहि फुकट वाचतां येतें.

अशा वाचनाचें मोल रोग्याला कळतें. ट्रॅक्टर उलटून पोटास मार बसला आणि यकृत फाटलें, तर पूर्वीं तात्काळ पोट उघडीत. रोग्याची नाडी व रक्तदाब स्थिर असतील, तर पुष्कळदां शस्त्रक्रियेवांचून, सतत देखरेखीखालीं, जखम भरून येते, हें नंतरच्या संशोधनानें सिद्ध केलें. मात्र देखरेखीची आणि वेळ पडल्यास शस्त्रक्रियेची सोय हवी. कोणाला जवळ ठेवावें आणि कोणाला विनाविलंब पुढें पाठवावें, हा निर्णय पहिल्या डॉक्टराच्या हातीं असतो.

याच जिल्ह्यांत औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडिया वेधशाळेस केंद्रीय मंत्रिमंडळानें एप्रिल २०२३ मध्यें मंजुरी दिली. अमेरिकेंतील तिच्या भगिनी वेधशाळांचीं निरीक्षणें ठराविक मुदतीनंतर सर्वांसाठीं इंटरनेटवर खुलीं होतात. आकाशाच्या अभ्यासकांची ही रीति वैद्यकालाहि अनुकरणीय आहे. मात्र रोग्याचें नांव गुप्त राहिलें पाहिजे. हिंगोलीच्या नव्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनीं जगाचें लिहिलेलें वाचावेंच. पण आपल्या जिल्ह्यांतील यकृताच्या रोग्यांची नोंदहि काळजीपूर्वक ठेवावी आणि ती, अपयशासह, प्रसिद्ध करावी. प्रिंगल यांचे रोगी वाचले नाहींत. त्यांची हकीकत वाचून शिकलेल्यांचे रोगी वाचले.