सोळाव्या वर्षीची वही
(इंदिरानगर, नाशिक येथील बैठकीतील भाषण)



सोळा वर्षांच्या स्वतःला आज काय सांगाल, असा विषय मला दिला आहे. इंदिरानगरात राहायला येऊन मला बरीच वर्षे झाली, पण तो पोरगा अजून कोरडवाहू रानातच उभा आहे. एका अंगाला कपाशी, दुसऱ्या अंगाला ज्वारी. 'शीक, मोठा हो' हे त्याला मास्तर रोज सांगत होते. मी म्हणेन, बाबा, एक वही घे आणि घरात जे फुकट समजले जाते ते लिहून काढ.

दुकानाची उधारी बापाला तोंडपाठ असते. बियाणे, खत, औषध, पैशापैशासकट. पण आई वेचणीला किती दिवस गेली? दुसऱ्याच्या रानात गेली असती तर किलोमागे मजुरी मिळाली असती. स्वतःच्या रानातला कापूस मात्र जणू आपल्या पायांनी घरी चालत आला! बहिणीने निंदणीसाठी शाळा किती दिवस बुडवली? बैलांनी कडबा किती खाल्ला? त्याच पेंढ्या विकल्या असत्या तर पैसे झाले असते. हे कोणी मोजत नाही. मग उधारी फिटली की वर्ष बरे गेले, आणि नाही फिटली की नशीब फुटके.

सरकारी आयोगसुद्धा घरची मजुरी मोजतो. रोख खर्चात ती मिळवून त्याच्या दीडपट हमीभाव देतो, असे सरकार २०१८-१९ पासून सांगत आले. २०२५-२६ साली मध्यम धाग्याच्या कापसाचा खर्च क्विंटलला ५१४० रुपये धरला आणि भाव ७७१० ठरवला. संकरित ज्वारीचा खर्च २४६६, भाव ३६९९. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याज आयोग वेगळे काढतो, पण दीडपट करताना ते धरत नाहीत. शिवाय हा आकडा देशाच्या सरासरीचा. पाण्याखालची कपाशी आणि आपली कोरडवाहू एकाच तराजूत.

आता तुमचा हिशेब करा. समजा, घरच्या मजुरीसकट एकरी खर्च २१००० आला आणि पिकला तीन क्विंटल. क्विंटलला ७००० पडले. पूर्ण हमीभाव मिळाला तरी एकरामागे उरले २१३०. व्यापाऱ्याने ओल दाखवून भाव पाडला तर तेही गेले. यात पोराचा आळस कुठे आहे? बापाचे नशीब कुठे आहे?

दहावीनंतर अंबडच्या कारखान्यात जायचे की नांगर धरायचा, हे पोराने चार हंगामांची वही वाचून ठरवावे. बापाशी भांडू नये, त्याला ती वाचून दाखवावी. आणि एक सांगतो, वही घरातल्या पोरीच्या हाती द्या. पोरे पाने फाडून विमाने करतात.

पहिल्या वेचणीपासून सुरू करा. पान असे आखा: तारीख, काम, कोण गेले, दुसऱ्याकडे गेले असते तर काय मिळाले असते.