घरच्या कामाची यांत्रिक करवत



३ जून २०२० रोजीं निसर्ग नांवाचें चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें आणि कांहीं तासांत नारळी-पोफळींच्या कित्येक वाड्या आडव्या झाल्या. रस्ते बंद पडले, घरांच्या कौलांवर झाडें कोसळलीं. पुढच्याच वर्षीं, मे २०२१ मध्यें, तौक्ते वादळ कोकणचा किनारा घांसून गेलें. अशा प्रसंगीं कुऱ्हाड चालविणारा गडी सर्वांनाच एकदम हवा असतो आणि म्हणून तो कोणालाच वेळेवर मिळत नाहीं. तेव्हां घरांत एखादी यांत्रिक करवत असावी, असें गृहस्थास वाटणें साहजिक आहे. परंतु दुकानांत गेल्यावर पेट्रोलची, विजेची, बॅटरीची, लहान-मोठी अशीं इतकीं यंत्रें समोर येतात कीं, मति गुंग होते, आणि अखेर किंमतीची चिठ्ठी पाहूनच निवड होते. या निवडींत पैसा वांचवितां येतो. पण तो कोठें वांचवावा व कोठें वांचवूं नये, याचा विचार आज आपण करूं.

नभोवाणीवरून यंत्र दाखवितां येत नाहीं, म्हणून प्रथम त्याचें वर्णन करतों. बाजारांत 'चेनसॉ' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या करवतींत एक लांबट, चपटी पोलादी पट्टी असते. तिला कारागीर 'बार' म्हणतात. या बारच्या कडेनें दांत बसविलेली साखळी वेगानें फिरते व लांकूड कापते. जर्मनींत आंद्रेआस श्टील यानें १९२६ सालीं विजेवर चालणारी व १९२९ सालीं पेट्रोलवर चालणारी अशी करवत तयार केली. पण तीं धुडें चालवावयास दोन माणसें लागत. साखळीच्या दांतांचा आजचा आकार अमेरिकेंतील ऑरेगॉन राज्यांत जोसेफ कॉक्स या लांकूडतोड्यास सुचला. १९४६ सालीं, लांकूड पोखरणारी एक अळी आपल्या जबड्यांनीं डावीकडे व उजवीकडे आळीपाळीनें कुरतडते, हें त्यानें बारकाईनें पाहिलें, आणि तसेच डावे-उजवे दांत साखळीवर बसविले. हा इतिहास सांगण्याचें कारण इतकेंच कीं, इंजिन कितीही मोठें असलें तरी लांकूड कापतो तो दांत. दांत बोथट असेल तर महाग यंत्रही केवळ धूर काढतें.

निवडीचा पहिला प्रश्न आकाराचा. आपल्याकडे स्वस्त म्हणून जें यंत्र सर्रास विकलें जातें, त्याचें इंजिन ५८ सीसीचें व बार २२ इंची असतो. थोड्या पैशांत एवढें मोठें यंत्र मिळालें म्हणून गिऱ्हाईक खूष होतें. परंतु घरीं परत येऊन कापावयाचें लांकूड मोजून पाहावें. वठलेली आंब्याची फांदी, शेवग्याचें खोड, पडलेला माड, जळणाचे ओंडके यांची जाडी बहुधा एक फुटाच्या आसपास किंवा त्याहून कमीच भरते. लांकडाच्या जाडीपेक्षां बार दोन इंचांनीं मोठा असला म्हणजे पुरे. तेव्हां १४ किंवा १६ इंची बार घरगुती कामास भरपूर झाला. केवळ फांद्याच छाटावयाच्या असतील तर १० किंवा १२ इंची घ्यावा. जादा लांबीनें वजन वाढतें, हात लवकर दमतात आणि बारचें टोंक नजरेआड राहून नको तेथें टेकतें. दमलेला हात व न दिसणारें टोंक यांच्याइतक्या धोक्याच्या गोष्टी या कामांत थोड्याच असतील.

दुसरा प्रश्न यंत्र कशावर चालावें हा. घरच्या विजेवर चालणारी करवत किंमतीनें हलकी व देखभालीस सोपी. तिला तेल-पेट्रोलचें मिश्रण नको कीं दोरी ओढणें नको. मात्र २००० वॅटची करवत २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर प्रवाह ओढते. दिव्या-पंख्यासाठीं असलेल्या ६ अँपिअरच्या खोबणींत ती लावतां कामा नये. १६ अँपिअरची खोबण पाहिजे. वायर लांबवर न्यावयाची असेल तर जाड तांब्याची, तीन तारांची घ्यावी. बारीक वायरींत विजेचा दाब उतरतो व मोटार तापते. ओल्या जमिनींत अथवा पावसांत ही करवत मुळींच चालवूं नये, आणि विजेची गळती होतांच प्रवाह तोडणारें बटण घरांत नसेल तर तें आधीं बसवून घ्यावें. अंगणांतल्या अंगणांत जळणाचे ओंडके कापणाऱ्यास ही करवत उत्तम; वादळानें वीज गेलेल्या वाडींत मात्र ती निरुपयोगी.

बॅटरीची करवत अलीकडच्या वर्षांत पुष्कळ सुधारली आहे. बॅटरींतील शक्तीचा सांठा जाणावयाचा तर व्होल्ट व अँपिअर-तास यांचा गुणाकार करावा. १८ व्होल्ट व ४ अँपिअर-तास म्हणजे ७२ वॅट-तास. ३६ व्होल्ट व ४ अँपिअर-तास म्हणजे १४४, अर्थात् दुप्पट. सांगितलेली किंमत बॅटरीसह आहे कीं बॅटरीवांचून, हें दुकानदारास स्पष्ट विचारावें, कारण दोहोंत मोठें अंतर असतें. घरीं त्याच बनावटीचें भोंकें पाडण्याचें यंत्र असेल व त्याची बॅटरी करवतीस चालत असेल, तर खर्च बराच वांचतो. हातांत मावणारीं ४ ते ६ इंची बॅटरीचीं यंत्रेंही मिळतात. मनगटाएवढ्या फांद्यांस तीं ठीक आहेत. परंतु एका हातांत यंत्र व दुसऱ्या हातांत तीच फांदी, असा मोह तेथें होतो. तो कटाक्षानें टाळावा.

दूरच्या शेतांत अथवा वीज नसतांना तासन्‌तास काम करावयाचें असेल तर पेट्रोलवांचून गत्यंतर नाहीं. घरासाठीं ३५ ते ४५ सीसीचें इंजिन पुरेसें होतें. बहुतेक इंजिनें टू-स्ट्रोक पद्धतीचीं असल्यामुळें पेट्रोलमध्यें तेल मिसळावें लागतें. ५० ला १ हें प्रमाण असल्यास एक लिटर पेट्रोलला २० मिलिलिटर, व २५ ला १ असल्यास ४० मिलिलिटर तेल घालावें. यंत्राच्या पुस्तिकेंत दिलेलें प्रमाणच पाळावें; तेल कमी पडलें तर सिलिंडरमधील दट्ट्या घांसून अडकतो व इंजिन जातें. आजच्या पेट्रोलमध्यें इथेनॉल असतें आणि तें हवेंतील ओलावा ओढतें. म्हणून महिन्याभरांत संपेल इतकेंच मिश्रण करावें. यंत्र ठेवून देतांना टांकी रिकामी करावी, व उरलेलें इंधन जळून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत तें चालू ठेवावें. वर्षांतून चार दिवस लागणारें यंत्र वापरानें सहसा बिघडत नाहीं. तें सांठलेल्या पेट्रोलनें बिघडतें.

आतां यंत्राच्या किंमतींत न दिसणाऱ्या खर्चाकडे वळूं. साखळीला वंगण म्हणून चिकट असें बारचें तेल लागतें. गाडींतून काढलेलें जुनें काळें तेल वापरूं नये. साखळीस धार लावण्यासाठीं गोल कानस लागते, व तिचा व्यास साखळीच्या मापाशीं जुळावा लागतो. लहान करवतींवरील तीन-अष्टमांश इंची ठेंगण्या साखळीस ४ मिलिमीटरची, व ०.३२५ इंची साखळीस ४.८ मिलिमीटरची कानस चालते. धार गेली आहे कीं नाहीं हें भुशावरून समजतें. जाडसर कपचे पडत असतील तर धार शाबूत आहे. पिठासारखी पूड पडूं लागली कीं काम थांबवून कानस हातीं घ्यावी. माडाचें खोड रेषाळ व बाहेरून कठीण असतें, त्यावर साखळी लवकर बोथट होते. म्हणून जादा साखळी जवळ असावी. यास्तव दुकानांत पहिला प्रश्न असा विचारावा, कीं या बारची साखळी आपल्या तालुक्याच्या गांवीं मिळते काय, आणि यंत्र दुरुस्त करणारा जवळपास आहे काय? उत्तर नाहीं असें आलें, तर तें यंत्र कितीही स्वस्त असो, महागच समजावें.

जेथें पैसा मुळींच वांचवूं नये ती बाब अंगरक्षणाची. पेट्रोलच्या करवतीची साखळी सेकंदाला सुमारें २० मीटर वेगानें धांवते. बारच्या टोंकाचा वरचा चतुर्थ भाग कोठें टेकला तर संबंध बार उसळून चालविणाऱ्याच्या तोंडाकडे येतो, आणि तें इतकें झटकन् घडतें कीं, हात मागें घेण्यास अवसर मिळत नाहीं. पुढच्या मुठीसमोरचा ब्रेक अशा वेळीं साखळी जागच्या जागीं थांबवितो. ज्या करवतीस हा ब्रेक नाहीं ती घेऊं नये, आणि असला तरी रोज काम सुरू करण्यापूर्वीं तो तपासून पाहावा. पायांत चपला, डोळे उघडे, कान उघडे, अशा थाटांत करवत चालविणारे लोक आपल्याकडे नित्य दिसतात. पेट्रोलच्या यंत्राचा आवाज १०० डेसिबलच्या वर जातो. कानांवर झांकण नसेल तर बहिरेपण यावयास वेळ लागत नाहीं. जाळीचें शिरस्त्राण, जाड बूट, आणि ज्याचे लांब धागे साखळींत गुंतून ती अडवितात असें पायांवरील संरक्षक वस्त्र, हीं यंत्राबरोबरच घ्यावीं. समजा, आपण १५,००० रुपये ठरविले. तर यंत्र १०,००० च्या आंतलें पाहावें व उरलेली रक्कम या गोष्टींसाठीं राखावी. यंत्र लहान घ्या म्हणून मी म्हणतों तें याचसाठीं.

चालवितांना दोन्ही हात मुठींवर असावे, करवत खांद्याच्या वर उचलूं नये, आणि शिडीवर किंवा माडावर चढून ती कधींही वापरूं नये. वादळानें पडलेलें झाड दिसावयास शांत, पण त्यांत धनुष्यासारखा ताण असतो. वांकलेल्या फांदीची जी बाजू दाबली गेली आहे तेथें प्रथम थोडा छेद द्यावा व मग ताणलेल्या बाजूनें काप पुरा करावा. नाहीं तर बार अडकतो किंवा फांदी फटकारा देते. विजेच्या तारांवर पडलेल्या झाडास महावितरणचीं माणसें येईपर्यंत हात लावूं नये. उभें मोठें झाड पाडणें हें सराईताचें काम. शिवाय साग, आंबा यांसारखीं झाडें तोडण्यास १९६४ च्या कायद्याप्रमाणें, व शहरांत १९७५ च्या कायद्याप्रमाणें, आधीं परवानगी घ्यावी लागते.

राहिला प्रश्न तंबूच्या सहलींचा. डोंगरांत मुक्कामास जाणारीं तरुण मंडळी ही करवत बरोबर नेण्याचा बेत करतात. परंतु पांच-सहा किलो वजन, पेट्रोलचा डबा व तेल वाहून नेऊन तेथें कापावयाचें काय? शेकोटीस मनगटाएवढें वाळकें लांकूड लागतें, आणि तें घडीच्या ८ किंवा १० इंची हातकरवतीनें हां हां म्हणतां कापून होतें. राखीव वनांत झाड तोडणें किंवा विस्तव पेटविणें हा १९२७ च्या वन-कायद्यानें गुन्हा आहे. अभयारण्यांत १९७२ चा वन्यजीव-कायदा त्याहून कडक आहे. मालकाच्या अनुमतीनें खाजगी शेतांत मुक्काम असेल, तर फार तर बॅटरीची लहान करवत न्यावी. एरव्हीं हातकरवतच खिशाला, पाठीला व रानाच्या शांततेला परवडते.

शेवटीं एक व्यवहाराची सूचना. वर्षांतून एकदांच लांकूड कापावयाचें असेल तर यंत्र विकत घेऊं नये. सराईत माणसास मजुरी द्यावी. काम त्याहून अधिक असेल, तर वाडींतील चार घरांनीं मिळून एक चांगली करवत घ्यावी, आणि ती चालविण्याचें, धार लावण्याचें व ठेवण्याचें काम नीट शिकलेल्या एकाच माणसाकडे सोंपवावें. चार घरांची वर्गणी एकत्र झाली म्हणजे शिरस्त्राणाला व पायांच्या वस्त्राला पैसे कमी पडत नाहींत. पावसाळ्यापूर्वीं इतकी तजवीज करून ठेवा, म्हणजे वादळाच्या दुसऱ्या दिवशीं वाट मोकळी करणाराही धडधाकट राहील.