जिभेवरचा व्रण आणि मानेतली गाठ

ज्या मुलखात कागल-निपाणीच्या रानांतून तंबाखूचे पीक पिढ्यान्‌पिढ्या निघत आले, जेथे सकाळी भाजलेल्या तंबाखूची मिश्री दातांना लावल्याखेरीज कित्येक वृद्धांना चैन पडत नाही, आणि बांधावर टेकलेला शेतकरी बोलता बोलता चंचीतली चिमूट चुन्याबरोबर तळहातावर मळून ओठाआड सारतो, त्या आपल्या कोल्हापूर परिसरात मुखाचा कर्करोग परका नाही. जिभेच्या कडेला लहानसा, न भरणारा व्रण घेऊन रुग्ण येतो. डॉक्टर जबड्याखाली बोटे फिरवून मान चाचपतात. गाठ लागत नाही, आणि खरा पेच तेथेच पडतो. रोग मानेत उतरला आहे की नाही, यावर त्या माणसाचे आयुष्य पुष्कळ अंशी अवलंबून असते, आणि बोटांना ते नेहमीच कळते असे नाही.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच रुग्णांवर केलेली चाचणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. एका गटाच्या मानेतील ग्रंथी मुखाच्या शस्त्रक्रियेबरोबरच काढल्या, दुसऱ्याच्या गाठ दिसू लागल्यावर. तीन वर्षांअखेर पहिल्या गटातील ८० टक्के हयात होते, दुसऱ्यातील ६७.५ टक्के. निवाडा स्पष्ट होता. तथापि पहिल्या गटातही प्रत्यक्ष ग्रंथींत रोग सापडला तो सुमारे ३० टक्क्यांच्याच. म्हणजे दहांतील सातांची मान रोग नसताना उघडावी लागली. या शस्त्रक्रियेत खांद्याकडे जाणारी नस दुखावली, तर हात वर उचलत नाही. उसाच्या मोळ्या ट्रॉलीत चढवून पोट भरणाऱ्याला हा तोटा केवढा, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको.

कोणाची मान उघडावी आणि कोणाची राखावी, हे अर्बुदालाच, म्हणजे कर्करोगाच्या गाठीलाच, विचारता आले तर? जनुके शरीरातील बहुतेक पेशींत सारखीच असतात; भेद पडतो तो कोणते जनुक किती राबते यात. दरबारच्या दप्तरखान्यात कागदांचे रुमाल हजारो बांधलेले असावेत, पण कारभार चालावा त्या दिवशी सुटलेल्या रुमालातील हुकमांवर, तसेच पेशीचे आहे. राबत्या जनुकाच्या आरएनए-रूपी नकला वाढतात, आणि त्या मोजता येतात. नेदरलँड्समधील संशोधकांनी २००२ साली स्तनाच्या अर्बुदातील सत्तर जनुकांच्या अशाच मोजणीवरून रोग पुढे पसरेल की नाही याचा अंदाज बांधला. एकवीस जनुकांच्या दुसऱ्या एका चाचणीमुळे कित्येक स्त्रियांची केमोथेरपी आज टळते.

पण आपल्या तंबाखू-सुपारीच्या रोगाला मोजपट्टीही आपल्याच रुग्णांतून हवी. टाटा स्मारक केंद्राच्या खारघर येथील संशोधन संस्थेत डॉ. अमित दत्त यांच्या गटाने नेमक्या अशा रुग्णांच्या जिभेवरील प्रारंभावस्थेतील अर्बुदे तपासली, आणि २०१७ साली एमएमपी-१० या जनुकाकडे लक्ष वेधले. या जनुकाच्या हुकमाने बनणारे विकर पेशींभोवतीचे बांधीव द्रव्य विरघळवते, आणि रोगाला सीमा ओलांडण्याची वाट मिळते. म्हणून या जनुकाचे जास्त राबणे आणि ग्रंथींतील प्रसार यांचा त्यांना आढळलेला संबंध मला केवळ आकड्यांचा योगायोग वाटत नाही. मात्र संशोधकांनी त्यास प्रसाराचा अंदाज बांधण्यासाठीचा उमेदवार म्हटले आहे, निर्णायक नव्हे. त्यावर विसंबून आज कोणी मानेची शस्त्रक्रिया नाकारू नये.

एक विनंती मात्र आजच करतो. व्रणाचा जो तुकडा तपासणीला जातो, तो मेणाच्या छोट्या ठोकळ्यात बसवून ठेवतात, आणि आरएनए अशा ठोकळ्यातूनही काढता येतो. एकवीस जनुकांची चाचणी त्यावरच होते. आपल्याकडे रुग्ण फाइल जपतो, एक्स-रे जपतो, ठोकळ्याची चौकशी मात्र कोणी करीत नाही. कोल्हापुरात तपासणी होऊन पुढे मुंबईस जाणे झाले, तर तो प्रयोगशाळेतून रीतसर मागून घ्या, त्यावरील क्रमांक अहवालाशी ताडून पाहा, उन्हापासून दूर ठेवा, आणि कागदपत्रांबरोबर तोही न्या.